दया कोणाच्या वाटणीची?

गेल्या आषाढीहून परतताना आम्ही पळसदेवला गाडीतून उतरलो, तो रस्त्याच्या कडेला गोणपाटात गुंडाळून टाकलेले मांजराचे पिल्लू दिसले. दीडेक महिन्याचे असेल. पावसाने पार गारठले होते. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, आणि हे लेकरू ओलांडून पुढे जावे? आम्ही ते उपरण्यात घेतले व घरी आणले. येथपर्यंत आम्ही स्वतःवर फार खूश होतो.

घरी दोन मांजरे आधीचीच. मनी नऊ वर्षांची, आणि तिचाच लेक बोका. पिल्लू माजघरात सोडले मात्र, मनीने शेपूट फुगवले, फिस्कारली, आणि जी माळ्यावर जाऊन बसली ती दिवसभर खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या पोत्यावर मुतून ठेवले. आम्ही रागाने काठी उगारली. तेव्हा आमची आई म्हणाली, “पुण्य तू केलंस, आन त्याचा दाम तिच्याकडनं घेतोस व्हय रं?”

काठी खाली आली, पण प्रश्न डोक्यात राहिला. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपण सारे जाणतो. पण वाचकहो, ती भाकरी त्यांची स्वतःची होती. आम्ही पिल्लाला जो कोपरा दिला तो आमचा कुठे होता? तो मनीचा होता. घरपट्टीच्या पावतीवर तिचे नाव नाही हे खरे. तिची नोंदवही वेगळी. गालापाशी तिला गंधाच्या ग्रंथी असतात. खांबाला, कणगीला, आमच्या धोतराला गाल घासून ती रोज आपली नोंद करीत असते. त्या नोंदीवर परक्या वासाचा जीव एका संध्याकाळी, तिला न विचारता, आम्ही आणून बसविला.

कोणी म्हणेल, हा जनावराचा मत्सर आहे, त्याचे काय एवढे! आमचे मत निराळे आहे. कुत्र्याची जात मूळची टोळीने राहणारी. मांजराचे पूर्वज एकट्याने शिकार करणारे. एक उंदीर एकाच पोटाला पुरतो. म्हणून दुसरे मांजर दिसले की पहिल्याला आपले पोट व आपला ठाव गेलासा वाटतो. ती भीती आहे. मत्सर हा शब्द आपण आपल्या घरातून तिला दिला.

पळसदेवकरांना ठाव जाणे म्हणजे काय ते फार समजावून सांगायला नको. पुढे पंढरीत जी चंद्रभागा म्हणवते, तीच भीमा उजनीला अडविली गेली. १९८० साली धरण पुरे झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. माणसे वर येऊन वसली. पळसनाथाचे देऊळ मात्र पाण्यातच राहिले. उन्हाळ्यात धरण खाली गेले की शिखर उघडे पडते, मग सारे देऊळ दिसू लागते, आणि म्हातारी माणसे तिथवर जाऊन आपला उंबरा कुठे होता ते दाखवितात. धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. त्या पाण्यावर कितीतरी गावे पितात, पिकतात, आम्हीही त्यातलेच. एवढेच की, पाणी मिळाले ते एकांना आणि उंबरे गेले ते दुसऱ्यांचे.

असो. मग आम्ही पिल्लू उचलून मागल्या खोलीत नेले व दार लावले. त्याची वाटी वेगळी, वाळूचे घमेले वेगळे. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून जंताचे औषध दिले, पिसवा काढल्या. बाहेरचा रोग जुन्यांना लागू नये हेही पाहावे लागते. पिल्लाच्या अंगाखालचे फडके मनीजवळ आणि मनीचे पिल्लाजवळ ठेवू लागलो. दाराच्या दोन्ही अंगांना वाट्या ठेवायच्या, रोज वीतभर जवळ आणायच्या. कोणी गुरगुरले की पुन्हा मागे. काही दिवसांनी दाराची फट उघडली. बोका निर्लज्ज, त्याने आठवड्यात वास घेऊन सोडून दिले. मनीला दीड महिना लागला. मांजरे तीन, घमेली चार. माळ्यावरची जागा मनीचीच ठेवली, आणि संध्याकाळी पहिला हात तिच्याच पाठीवर. या खटाटोपात कित्येकदा हरिपाठाला उशीर झाला. निदान हा दाम आमच्या खिशातला होता.

(माळकऱ्याच्या घरात मांजराला काय घालावे, हे कोडे निराळेच. नुसत्या दूधभाकरीवर त्याचे शरीर चालत नाही, ते मांसाहारीच घडलेले आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी.)

पिल्लू मादी निघाले. वयात येण्याआधी तिची नसबंदी करून घेतली. नाही तर आणखी चार पिलांची दया करावी लागली असती, आणि तिचा दाम पुन्हा मनीनेच भरला असता. ज्याच्याजवळ एवढा वेळ नाही, एवढी जागा नाही, त्याने पिल्लाला दारातच खाऊ घालावे, दुसरे घर शोधून द्यावे. ती दया उणी आहे असे आम्हांस वाटत नाही. आम्हांला मात्र त्या दिवशी हे सुचले नव्हते.

दोघींचे प्रेम जमले असे म्हणवत नाही. येता-जाता नाकाला नाक लावतात व आपापल्या वाटेने जातात. काल दुपारी मनी माळ्यावरून उतरली आणि ओसरीवर, पिल्लापासून हातभर अंतर राखून, त्याच उन्हात बसली. बोका घरात नव्हता. मासेवाल्याच्या सायकलीमागे गेला होता.