मान लो

इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. नववीला अणुरचनेचा धडा दर वर्षी यायचा आणि त्यावर मुली जे विचारायच्या ते फारसं बदललं नाही. केंद्रक आणि इलेक्ट्रॉन यांच्या मध्ये काय असतं, हवा का? (हवा स्वतःच अणूंची, मग ती अणूच्या आत कशी मावणार, असं मी विचारलं की वर्ग हसायचा.) अणू आतून एवढा रिकामा, तर बाकावर टेकलेला हात आरपार का जात नाही? इलेक्ट्रॉन कुणी पाहिलाय का? फिरून फिरून तो थकत नाही का? मी रुजू झाले त्या वर्षीही हेच प्रश्न होते आणि निवृत्त झाले त्या वर्षीही. यांतल्या बहुतेकांना मी बरी उत्तरं दिली. एका प्रश्नाला मात्र मी जे उत्तर दिलं, ते खोटं होतं का, हे ठरवायला मला वीस वर्षं लागली.

माझं शिक्षण अमरावतीला मराठीतून झालं. लग्नानंतर इंदूरला आले आणि शाळेत पहिल्याच आठवड्यात फळ्यापाशी बोलून गेले, ‘अणु के बीच में नाभिक होता है.’ पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, परमाणु के बीच में.’ तिचं बरोबर होतं. मराठीत ज्याला आपण अणू म्हणतो त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. मी हसून चूक कबूल केली, खडूने ‘परम’ जोडलं आणि पुढे गेले. शब्दाची चूक कबूल करणं इतकं सोपं असतं. हे सांगायचं कारण एवढंच, की आठ वर्षांनी त्याच फळ्यापाशी माझ्याकडून तसं झालं नाही.

१९९६ सालची गोष्ट. मी रदरफर्डचा अणू शिकवला होता. सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, बहुतेक सरळ पार गेले, थोडे उलटे फिरले, त्यावरून १९११ साली रदरफर्डने अणूच्या मधोमध एक अतिशय लहान, जड केंद्रक असल्याचं सांगितलं. मग या अणूतला दोष सांगितला. विद्युतभार असलेला कण गोल फिरत राहिला तर तो प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा गमावत जातो. ऊर्जा गेली की वर्तुळ लहान होणार, आणि शेवटी इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळणार. एका सेकंदाचे दहा हजार कोटी भाग केले तर त्यांतल्या एक-दोन भागांतच हे सगळं आटोपायला हवं. पण आपण बसलो आहोत, बाक शाबूत आहे. म्हणून १९१३ मध्ये नील्स बोरने सांगितलं की इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांमध्येच फिरतात आणि त्या कक्षांत असताना ऊर्जा गमावत नाहीत. फळ्यावर मी के, एल, एम अशी वर्तुळं काढली, दोन, आठ, अठरा असे आकडे घातले.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचं नाव इथे लिहीत नाही. ती म्हणाली, ‘रदरफर्डचा इलेक्ट्रॉन फिरतो म्हणून ऊर्जा जाते. बोरचाही फिरतोच. मग त्याची का जात नाही?’ मी म्हटलं, ‘कारण त्या कक्षा विशेष आहेत.’ ती बसली नाही. ‘आणि वरच्या कक्षेतून खाली उडी मारताना कुठे थांबायचं, हे त्याला आधी कसं कळतं?’

तास संपायला पाच मिनिटं होती. मी म्हटलं, ‘बोर ने मान लिया, तुम भी मान लो.’ वर्ग खदखदून हसला. मीही हसले. ती खाली बसली आणि त्या वर्षी पुन्हा तिने माझ्या तासाला प्रश्न विचारला नाही.

‘मान लो’ या दोन शब्दांकडे पुढे मी पुष्कळदा वळून पाहिलं. हिंदीत ते दोन्हीकडे चालतात. ‘मान लो कि रेलगाड़ी की चाल साठ है’ म्हणजे मराठीतलं ‘समजा’. आणि आई मुलाला ‘मान लो बेटा’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ ‘ऐक, कबूल कर’. बोरने केलं ते पहिल्या अर्थाचं होतं. त्याने आपली गृहीतकं गृहीतकं म्हणूनच मांडली होती. हे असं धरलं तर हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रेषा अचूक येतात, तेव्हा धरून पाहू. रेषा खरोखरच अचूक आल्या, ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषासुद्धा. मी मुलीला सांगितलं ते दुसऱ्या अर्थाचं. ‘समजा’चं मी ‘कबूल कर’ केलं, आणि सोयीचं म्हणजे शब्द तेच राहिले. धर्मराजाचं ‘नरो वा कुंजरो वा’ असंच होतं. बोललेल्या अक्षरांत खोटं काही सापडत नाही, पण ऐकणाऱ्याने काय समजावं याची व्यवस्था बोलणाऱ्याने करून ठेवलेली असते.

शिक्षकांची यावर एक नेहमीची बाजू असते, आणि ती पोकळ नाही. शिकवायचं म्हणजे सोपं करावंच लागतं. तिसरीच्या मुलाला पृथ्वी चेंडूसारखी गोल सांगतो, ध्रुवांशी चपटी आहे हे नंतर सांगतो. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. तसाच बोरचा अणू, पायरी म्हणून. बरीच वर्षं मी स्वतःची समजूत अशीच घातली.

पण या दोन गोष्टी सारख्या नाहीत. गोल पृथ्वी हे अपुरं सत्य आहे; त्यात भर घातली की ते पुरं होत जातं. सूर्याभोवती ग्रह फिरावा तसा केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन हे अपुरं नव्हे, चुकीचं चित्र आहे. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी नवी यामिकी उभी केली तेव्हा बोरची ऊर्जेची गणितं टिकली, कक्षा टिकल्या नाहीत. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत बोरच्या हिशोबाने इलेक्ट्रॉन गोल फिरतो आणि त्याला ठरावीक कोनीय संवेग असतो. नव्या हिशोबाने त्या अवस्थेत कक्षीय कोनीय संवेग शून्य आहे. म्हणजे तो प्रदक्षिणा घालतच नाही. मुलीने विचारलं होतं, फिरत असूनही ऊर्जा का जात नाही. प्रामाणिक उत्तर होतं, ‘तू म्हणतेस ते बरोबर आहे. तसा फिरत असता तर गेलीच असती.’

ती जाते, हे मी पुढे जवळजवळ डोळ्यांनी पाहिलं, तेही इंदूरमध्येच. आमच्या गावाबाहेर राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. गावातले लोक त्याला अजून जुन्या नावाने कॅटच म्हणतात. तिथे इंडस-२ नावाचं यंत्र आहे: सुमारे १७२ मीटर परिघाची एक नळी, आणि तिच्यात जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन. ते चालू झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी मुलींना घेऊन ते पाहायला गेले. समजावून सांगणारे गृहस्थ म्हणाले की चुंबकाने इलेक्ट्रॉनला वळवलं की तो प्रकाश फेकतो, क्ष-किरणांपर्यंतचा. त्या प्रकाशासाठीच तर हे सगळं बांधलं आहे. आणि प्रत्येक फेरीत त्याने गमावलेली ऊर्जा त्याला परत पुरवावी लागते, नाहीतर तो फिरत राहूच शकणार नाही. मुली वहीत टिपून घेत होत्या. मला तिसरा बाक आठवत होता. तिचा प्रश्न शास्त्रज्ञांनी एवढी मोठी इमारत बांधून बरोबर ठरवला होता, आणि मी तो हसण्यावारी नेला होता.

मग अणूतला इलेक्ट्रॉन कोसळत का नाही? आता मी नववीला जे सांगेन ते असं. इलेक्ट्रॉन हा ठिपका नसून त्याचा वावर पसरलेला असतो. त्याला जितक्या लहान जागेत कोंडावं तितकी त्याची चळवळ वाढते, म्हणजे गतिज ऊर्जा वाढते. केंद्रक त्याला आत ओढतं, कोंडलं जाणं त्याला बाहेर ढकलतं. या ओढाताणीत एका आकाराला एकूण ऊर्जा सर्वांत कमी होते, आणि त्याहून खाली उतरायला पायरीच नसते. हायड्रोजनला तो आकार मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाच्या साधारण निम्मा येतो. बाकातून हात आरपार का जात नाही, याच्याही मुळाशी हेच आहे, शिवाय दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा पाउलीचा १९२५ सालचा नियम. कोट्यवधी अणूंचा बनलेला बाक स्थिर का राहतो, याची काटेकोर गणिती सिद्धता डायसन आणि लेनार्ड यांनी दिली ती १९६७ मध्ये. मुलींचे ‘बालिश’ प्रश्न एवढे खोल होते.

आपल्याकडे शिकवण्याच्या या अडचणीला जुनं नाव आहे, अरुंधतीदर्शनन्याय. नवरीला अरुंधती दाखवायची असते. ती फार बारीक, पटकन दिसत नाही. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवून ‘ती बघ अरुंधती’ म्हणायचं. नजर तिथे स्थिरावली की सांगायचं, ‘ती नव्हे, तिच्याशेजारची बारीक.’ शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दृष्टान्त वापरला आहे. पहिलं बोट दाखवणं खोटंच असतं, तरी त्याला दोष लागत नाही, कारण दाखवणारा तिथून निघून जात नाही. ‘ती नव्हे’ हे म्हणण्याची जबाबदारी त्याच्याकडे असते.

शाळेत ही जबाबदारी आम्ही अकरावीवर सोपवलेली असते. तिथे कक्षांच्या जागी संभाव्यतेचे ढग येतात. पण माझ्या वर्गातल्या अर्ध्याहून अधिक मुली अकरावीला विज्ञान घेत नसत. काही तर दहावीनंतर शाळेतच नसत. त्यांच्यासाठी ठळक तारा हीच कायमची अरुंधती.

२०१६ मध्ये पालकसभेला एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांची मुलगी माझ्याच नववीच्या वर्गात होती. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, ओळखलं नाहीत. मीही तुमचीच.’ तिसऱ्या बाकावरची. दहावीनंतर लग्न झालं होतं, घरी शिवणकाम करत होती. मुलीचा विज्ञानाचा अभ्यास ती स्वतः घ्यायची. अणूचा धडा आपणच शिकवला म्हणाली आणि माझ्यापुढच्या कागदावर झरझर वर्तुळं काढली. के, एल, एम. दोन, आठ, अठरा. एकही चूक नव्हती. वीस वर्षं तिने ते सांभाळून ठेवलं होतं.

मी तिला म्हटलं, ‘तू मला एक प्रश्न विचारला होतास.’ तिला आठवत होता. मी सांगितलं की तो प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला वाटायचं, प्रश्नातच काहीतरी चुकलं होतं. विज्ञान आपल्याला समजणारं नाही, असं तेव्हाच ठरवलं.’

इथे माझ्या वीस वर्षांच्या वादाचा निकाल लागला. इलेक्ट्रॉन फिरतो असं समजून जगल्याने तिचं काही बिघडलं नव्हतं; त्याने कुणाचंच बिघडत नाही. खोटं मी इलेक्ट्रॉनबद्दल बोलले नव्हते, तिच्याबद्दल बोलले होते. तिची विचार करण्याची रीत सरळ होती आणि ती वाकडी आहे असं मी, हसून का होईना, तिला पटवलं होतं. लग्न झालं नसतं तर ती विज्ञानाला गेली असती का, हे मला ठाऊक नाही. ते सगळं माझ्यामुळे झालं असं म्हणणं हाही एक अहंकारच होईल. पण माझा वाटा होता.

मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. १९१३ च्या मार्चमध्ये सत्तावीस वर्षांच्या बोरने आपला लेख रदरफर्डला वाचायला पाठवला. रदरफर्डने उत्तरात एक गंभीर अडचण दाखवली: आपण कुठे थांबणार हे इलेक्ट्रॉनला आधीच माहीत असतं, असं तुला धरावं लागेल. तिचा दुसरा प्रश्न, जवळजवळ शब्दशः. तिने विचारलं, ‘मग बोरने काय सांगितलं?’ मी म्हटलं, त्याच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे मिळालेलं उत्तरही असं, की कोणती उडी कधी होईल याची फक्त शक्यता काढता येते. आणि त्याचा अर्थ काय लावायचा यावर जाणत्यांचं आजही एकमत नाही. मागे पुढचे पालक ताटकळत उभे होते. ती उठली, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्यानंतरची तीन वर्षं मी बोरचं चित्र काढून झालं की त्याखाली लिहीत असे, ‘हे असं समजून चालू, खरं असं नाही.’ ते फुकट पडलं नाही. एका हुशार मुलीने सहामाहीत बोरचा अणू नीट लिहून खाली ‘पण हे चूक आहे’ असं लिहिलं. तपासणाऱ्या सहकाऱ्याने गुण कापले आणि तिचे वडील माझ्याकडे आले. मुलांच्या डोक्यात गोंधळ कशाला घालता, असं ते म्हणाले. त्यांची काळजी खोटी नव्हती. ज्या घरात पहिलीच मुलगी दहावीपर्यंत पोचते, तिथे एकेक गुण मोलाचा असतो. गुण परत मिळाले, पण ओळ मी पुसली नाही. परीक्षेत काय लिहायचं ते वेगळं सांगू लागले.

त्याआधीच्या अठ्ठावीस वर्षांच्या मुली मात्र ती ओळ न वाचताच गेल्या. त्यांतली एकच परत येऊन समोर बसली, तीही तिची मुलगी माझ्या वर्गात होती म्हणून.