दार लावले होते का?

मी खरे बोलणारा माणूस आहे, असा माझा समज आहे. आमच्या घरात हे मत असणारा मी एकटाच. पण अल्पमतात राहायची मला सवय झाली आहे. आता खरे बोलणे म्हणजे नक्की काय, हा प्रश्न तसा अवघड. तोंडाने खोटे न बोलणे एवढे पुरते, की कोणी विचारले नाही तरी आपण होऊन सांगणे हेही त्यात येते? मोठमोठे तत्त्वज्ञ यावर घोळ घालत बसले आहेत. माझ्यापुरता निकाल आमच्या मायक्रोवेव्ह ओव्हनने लावला.

दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या लहानपणी नगरला (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर, आमच्या तोंडात अजून नुसते नगर) मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे आणि भट्टीतून भाजलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून आणायची, अशी पद्धत होती. आता भट्टी ओट्यावरच येऊन बसली आहे. सौ.ने नमुन्याची नानकटाई भाजली, ती गार होण्यासाठी रात्री आतच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ओव्हन बंद!

बंद म्हणजे त्याने अगदीच मान टाकली नव्हती. घड्याळ दिसत होते, बटण दाबले की पिक्‌ आवाज येत होता. पण ‘स्टार्ट’ म्हटले की पुढे काही नाही. दार लावले तरी आतला दिवा विझेना. नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा १० जुलै १९२५ ला मौनात गेले ते १९६९ साली देह ठेवीपर्यंत बोलले नाहीत. आमच्या ओव्हनचाही तसाच काही संकल्प दिसला.

“अहो, तुम्ही काही केलंत का याला?”

“मी? व्होल्टेज कमी-जास्त झालं असेल.”

व्होल्टेज हा फार सोयीचा आरोपी. तो कधी जबानी देत नाही. पण सौ.चे समाधान झाले नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशी रोज ओव्हन पुसतात. त्यांच्या ओल्या फडक्याचे पाणी आत गेले असणार, असा तिने निष्कर्ष काढला. मावशी म्हणाल्या, “म्या नुसतं वरून फडकं मारलं, वहिनी. पानी न्हाई घातलं.” पण झाले! ‘मावशींनी पाणी घातले’ अशी पाटी लागली ती लागलीच. पाटी एकदा लागली की निघत नाही, हे नगरकरांना सांगायला नको. डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चांदबिबीचा महाल म्हणतो आणि पाहुण्यांनाही तसेच ठोकून सांगतो. मावशींना ओव्हनला हात लावायची बंदी झाली. मी पेपर वाचत होतो. मी काहीच बोललो नाही. म्हणजे खोटेही बोललो नाही.

मग दुरुस्तीचे सत्र सुरू झाले. पहिला आला तो गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण. त्याने ओव्हन न उघडताच सांगितले, “कंट्रोल बोर्ड गेलाय. साडेपाच हजार.” दुसऱ्याने निदान उघडून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, बोर्ड चांगलाय. दाराचे स्विच नाटक करतायत. डायरेक्ट करून टाकतो. शंभर रुपये द्या.”

‘डायरेक्ट करणे’ हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. मध्ये जे काही अडवते ते काढायचे आणि तारेला तार जोडायची. शेजारचे अण्णा चहाला आले होते. त्यांनी याला तात्त्विक पाठिंबा दिला. “अरे, इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर शनिशिंगणापूर. गावातल्या घरांना दारं न लावायची तिथली परंपरा. आणि तुझ्या ओव्हनला मात्र दाराची चौकशी करायला स्विच पाहिजे?”

मुद्दा बिनतोड वाटला. पण शिंगणापूरला कडी-कुलूप नाही ते तिथे सगळे साधू राहतात म्हणून का? चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, या भावनेवर तो कारभार चालतो. म्हणजे स्विच तिथेही आहे. तो उघड्या चौथऱ्यावर बसला आहे इतकेच. २०११ साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली. तिला काचेचे दार लावले. मात्र सहसा दिसू नये असे रिमोटवर चालणारे विद्युतचुंबकीय कुलूपही बसवले, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. देवावर विश्वास आणि रिमोटही जवळ!

सौ.ने मात्र चर्चा एका वाक्यात संपवली. “डायरेक्ट नको. दिवाळीला नात येणार आहे. ती मधेच दार उघडून बघते.”

आता कबूल करायला हरकत नाही, ‘डायरेक्ट’ हा शब्द ऐकून मला फार हायसे वाटले होते. त्या रात्री अकरा वाजता, डॉक्टरांनी गोड बंद केलेले असताना, मी अंधारात ओव्हन उघडून तिसरी नानकटाई खात होतो. पॅसेजमध्ये सौ.ची पावले वाजली. मी दार आपटले. कट्‌ असा बारीक आवाज झाला, तो मी ऐकला होता. स्विच डायरेक्ट झाले असते तर त्या आवाजाची चौकशी कायमची मिटली असती. शंभर रुपयांत! नातीचा हात त्या वेळी माझ्या ध्यानातसुद्धा आला नाही.

तिसरे आले ते माळीवाड्यातले चाचा. जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी प्लग काढला, मला चार हात लांब उभे केले आणि म्हणाले, “प्लग काढला तरी आतला कपॅसिटर दोन हजार व्होल्ट धरून बसू शकतो. घरी कधी उघडू नका.” मग त्यांनी तो सावधपणे रिकामा केला आणि मीटर लावत एकेक स्विच पाहिला.

“साहेब, इथं तीन वॉचमन आहेत,” ते म्हणाले. “पहिला बघतो, दार लागलं का. दुसरा परत तेच बघतो. तिसऱ्याचं काम या दोघांवर नजर ठेवायचं. दार उघडं असून हे दोघं ‘लागलंय’ म्हणत चिकटून बसले, तर तिसरा सरळ शॉर्ट करून फ्यूज उडवतो. मशीन गेली तरी चालेल, लाट बाहेर यायला नको. पाणी तापवणारी लाट आहे ती. तिला भात कळत नाही आणि बोटही कळत नाही.”

मी थक्क झालो. ज्याने हे बनवले त्याने धरूनच चालले होते की पहारेकरी खोटे बोलणार. या यंत्राचा उगमही खिशातल्या खाऊतला. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ उभा होता आणि त्याच्या खिशातले चॉकलेट वितळले. त्याने चॉकलेट का वितळले याचा शोध लावला. मी असतो तर खिसा लपवला असता.

“स्विच तिन्ही चांगले,” चाचा म्हणाले. “दाराचा खालचा आकडा तडकलाय. स्विच पुरता दाबला जात नाही, म्हणून बोर्डाला वाटतं दार उघडंय. बिचारा बोर्ड खरंच बोलत होता.” त्यांनी आकड्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर फिरवला. सौ.समोर ओट्यावर नानकटाईचा तुकडा पडला. त्यावर चारोळीही होती.

“दार कुणी तरी जोरात आपटलं,” चाचा सहज म्हणाले.

सौ.ने तुकड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी व्होल्टेजचे नाव काढले नाही.

आकडा आणि मजुरी मिळून तीनशे रुपये झाले. रात्री मी हिशेब केला. दार आपटल्यापासून चारोळी सापडेपर्यंत नऊ दिवस गेले होते. मला कोणी बांधून ठेवले नव्हते, की तोंड दाबले नव्हते. मन आणि बायकोची भीती, हे माझे पहिले दोन वॉचमन ‘लागलंय, लागलंय’ म्हणत चिकटून बसले होते. चारोळी पडली नसती तर दहाव्या दिवशी मी बोललो असतो का? नसतो बोललो.

सकाळी मावशी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. “मावशी, ते दार मी आपटलं होतं. तुमच्यावर उगाच आळ आला.”

त्यांनी पातेले घासायचे थांबवले नाही. “ठावं हाय, दादा. त्या दिशी पुसताना दाराला तुपाची बोटं व्हती.”

“मग बोलला का नाहीत?”

“वहिनींनी पानी कुनी घातलं इचारलं. दार कुनी उघडलं, ते कुठं इचारलं?” त्यांनी हात धुतले आणि खुंटीवरचे फडके काढले. “आता पुसू का वरून?”