सूड आणि मातीचे ओझे

अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर दीड-दोन मिनिटांच्या भागांची कौटुंबिक नाट्ये पाहण्याचा प्रघात पडला आहे. चीनमध्ये या प्रकाराला बहर आला आणि आता हिंदीतही अशा मालिका विपुल निघतात. कथानक बहुधा ठरलेले: भावाने भावाची मालमत्ता लाटली, सासरच्यांनी सुनेला घराबाहेर काढले, मग अपमानित व्यक्ती धनवान होऊन परतते आणि भरसभेत वैऱ्याला गुडघे टेकावयास लावते. भाग ऐन उत्कंठेच्या क्षणी तुटतो. आरंभीचे काही भाग बहुधा फुकट असतात, पुढच्यांसाठी पैसे मोजावे लागतात.

ही नाट्ये सवंग म्हणून झिडकारणे सोपे आहे. परंतु ती पाहणाऱ्याची भूक सवंग नसते. मृत्युपत्र नसल्यास 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांना समान वाटा देतो. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि क्षमेचा उपदेशही नेमका तिलाच केला जातो. अशा स्त्रीला पडद्यावरचा सूड गोड वाटला तर नवल कसले? प्रश्न एवढाच की, तिची न्यायाची भूक सुडाने भागते काय?

या प्रश्नाचा विचार करताना एक जुनी कथा आठवते. रायपूरच्या बूढापारा भागात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मराठी घरात जन्मलेल्या सप्रे यांनी (1871-1926) हिंदीची मोठी सेवा केली. लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत आणले. 1900 साली सुरू केलेल्या 'छत्तीसगढ मित्र' या मासिकात त्यांनी 1901 साली 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा लिहिली. हिंदीतील पहिल्या कथांत तिची गणना होते.

एक जमीनदार वाड्याचे आवार वाढविण्यासाठी गरीब विधवेची झोपडी बळकावतो. घर सुटल्यापासून तिची नात अन्नाला शिवत नाही. म्हणून चूल घालण्यासाठी ती झोपडीतील टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलू लागण्याची विनंती जमीनदारालाच करते. त्याला ती उचलत नाही. एवढे ओझे पेलत नाही, तर या झोपडीतील हजारो टोपल्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार, असे ती त्याला विचारते. तो वरमतो, क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो.

ही कथाही अगदी लहान आहे. तेव्हा दोष लांबीचा नव्हे. सूडनाट्याला खलपुरुष शेवटपर्यंत दुष्टच राहावा लागतो; तो पालटला तर टाळ्यांचा क्षण हुकतो. सप्रे यांच्या विधवेने अन्याय मुकाट्याने गिळला नाही, की वैऱ्याची फजिती मांडली नाही. तिने त्याला त्याच्या कृत्याचे वजन जाणवू दिले. म्हणून तिला घरही मिळाले आणि एक माणूसही परत आला.

पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा याच वाटेने जाते. भावांनीच त्याला चांदीच्या वीस नाण्यांस विकले. ते मिसरात त्याच्यापुढे भूमीपर्यंत लवले, तेथेच आजच्या नाट्यकाराने पडदा टाकला असता. योसेफाने मात्र तेव्हा ना सूड घेतला, ना लगेच मिठी मारली. भाऊ पालटले आहेत काय, हे त्याने पारखले. बन्यामिनाच्या जागी दास होण्यास यहूदा पुढे सरसावला, तेव्हाच त्याने रडत आपली ओळख दिली.

यावरून दोन गोष्टी उमगतात. क्षमा म्हणजे हक्कावर पाणी सोडणे नव्हे; बहिणीने आपला वाटा मागितला म्हणून ती सूडबुद्धीची ठरत नाही. आणि पश्चात्ताप म्हणजे केवळ डोळ्यांतील पाणी नव्हे. घेतलेले परत केल्याखेरीज तो पुरा होत नाही. तेव्हा वाचकहो, पडद्यावरील दुष्ट भावाचा पाडाव पाहून समाधान मानण्यापूर्वी घरातील सातबारा एकदा उघडून पाहावा. दुसऱ्या कोणाच्या वाट्याची माती आपल्या नावावर चढली असेल, तर ती परत करण्यास अद्याप वेळ आहे.