वरच्याचे पाणी, खालच्याचा हक्क

मदीनेतील पाटाच्या पाण्याचा एक तंटा सहीह बुखारीत नोंदलेला आहे. हजरत जुबैर (रजि.) यांची बाग वरच्या अंगाला होती, एका अन्सारी गृहस्थांची खाली. पैगंबर (स.) यांनी जुबैर यांना आधी सांगितले की, झाडे भिजवून पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. अन्सारींना त्यात आप्ताचा पक्षपात दिसला. तेव्हा पैगंबर (स.) यांनी जुबैर यांना त्यांचा पुरता हक्क दिला: पाणी बांधाला लागेपर्यंत अडवा, मग सोडा. म्हणजे पुरत्या हक्कालाही बांधाची सीमा राहिलीच.

आता ट्युनिशियाकडे पाहा. त्या मुस्लिम देशाच्या उत्तरेस, बिझर्त शहराजवळ इचकुल नावाचे नैसर्गिक सरोवर आहे. हिवाळ्यात नद्या त्यात गोडे पाणी आणतात. उन्हाळ्यात त्या आटल्या की समुद्राकडचे खारे पाणी आत शिरते. या आलटापालटीवर तेथील पाणवनस्पती जगतात आणि त्यांवर युरोपातून येणारे हजारो कलहंस व बदके हिवाळा काढतात. 1980 साली हे राष्ट्रीय उद्यान जागतिक वारसा ठरले. पुढे शहरांची तहान व शेतीसाठी वरच्या नद्यांवर धरणे झाली. गरज खरी होती, तिला कोण नावे ठेवील? परंतु खाली गोडे पाणी पोहोचेना. सरोवर खारावले, बोरू-लव्हाळी मेली, कलहंस रोडावले. 1996 मध्ये ते धोक्यातील वारशांच्या यादीत गेले. नंतर पाऊस बरा झाला, धरणांतूनही पाणी सोडले गेले आणि 2006 मध्ये ते नाव यादीतून निघाले.

अल्लाह आकाशातून पाणी मोजून उतरवितो, असे सूरह मोमिनून सांगते. मोजून दिलेल्यात वाटेकरी असतातच. चारा उगवू नये म्हणून जादा पाणी रोखण्यास पैगंबर (स.) यांनी मनाई केली. फिकहमध्ये तर तहानलेल्या माणसाप्रमाणे जनावरालाही वाहत्या पाण्यावर हक्क आहे.

अन्सारी गृहस्थ आपली तक्रार घेऊन पैगंबरांच्या दारी येऊ शकले. कलहंसाने कोणत्या काझीकडे जावे? वुजू करताना आपण नळ जपून सोडतो, हे उत्तमच. पण ओढ्याला मोटार लावताना, नाल्यावर बांध घालताना, खालच्या अंगाला कोण राहते हे आपण एकदा तरी चालत जाऊन पाहिले आहे काय?