गाडी कुठं न्यायची, हे कोण ठरवणार?

जानेवारी १९५६. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमरी शहराचे महापौर डब्ल्यू. ए. गेल यांनी गोऱ्या गृहिणींना जाहीरपणे सुनावलं, मोलकरणींना गाडीतून आणणं-सोडणं बंद करा. कृष्णवर्णीयांनी सिटी बसवर बहिष्कार टाकून दोन महिने होत आले होते आणि तुमच्या गाड्यांमुळेच तो टिकलाय, असा त्यांचा आरोप होता. बायकांचं उत्तर असं, की महापौरांना येऊन माझं धुणं धुवायचं असेल, पोरं सांभाळायची असतील तर खुशाल यावं.

उत्तर ऐकून हसू येतं. या बायका न्यायाच्या बाजूनं होत्या का? बहुतेक जणी नसाव्यात. त्यांना वेळेवर स्वयंपाक हवा होता, इतकंच. काही जणी मनातून सोबत असतीलही. पण नवऱ्यापुढं आणि शेजारणीपुढं त्याही धुण्याचंच निमित्त सांगत असणार.

त्या बसमध्ये पुढच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. कृष्णवर्णीयांनी पुढच्या दारानं चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दारानं पुन्हा चढायचं. तेवढ्यात चालक बस पुढं काढायचा, असंही घडे. मधल्या भागात एक गोरा उभा राहिला की कृष्णवर्णीयांची अख्खी ओळ रिकामी व्हायची. १ डिसेंबर १९५५ला रोझा पार्क्स उठल्या नाहीत; त्यांना अटक झाली आणि त्यातूनच बहिष्कार सुरू झाला. हा प्रसंग दमल्याभागल्या शिवणकामवाल्या बाईची गोष्ट म्हणून सांगितला जातो, ते मला नेहमी खटकतं. पार्क्सबाई १९४३पासून नागरी हक्कांच्या संघटनेत काम करत होत्या. १९५५च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर लोकशाळेच्या शिबिरात त्या राहून आल्या होत्या. तिथं काळे-गोरे एका टेबलावर जेवत. जायची सोय व्हर्जिनिया डर या गोऱ्या बाईंनी केली होती. अटकेच्या संध्याकाळी जामिनासाठी चळवळीतले ई. डी. निक्सन धावले, तेव्हा त्यांच्यासोबत तुरुंगात गेले ते डर पतीपत्नीच. प्रसंग येण्याआधी ओळख होती, म्हणून हे झालं. प्रसंग आल्यावर ओळख काढायला निघणाऱ्यांची सोबत बहुधा फोटोपुरतीच राहते.

निरपेक्ष सोबतीचं एक माप आपल्याकडेही आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. गुलामांच्या मुक्तीसाठी जे निरपेक्षपणे झटले, त्यांना. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. या मापानं माँटगोमरीच्या गृहिणी सरळ नापास होतात. पण मैलोन्‌मैल चालत कामाला जाणाऱ्या बाईनं गाडीत बसताना मालकिणीचा हेतू का तपासावा? तिचे पाय वाचत होते. हेतूची चौकशी मदत घेणाऱ्यानं नव्हे, करणाऱ्यानं करायची असते. आणि या गृहिणींची खरी अडचण हेतूपेक्षा रस्त्याची होती. त्यांची गाडी स्वतःच्या दारापासून मोलकरणीच्या वस्तीपर्यंतच जायची. त्याच शहरात रॉबर्ट ग्रॅट्झ हे गोरे पाद्री रोज सकाळी आंदोलकांच्या सामाईक वाहनव्यवस्थेत गाडी चालवायचे. उतारू कोण नि कुठं सोडायचं, हे आंदोलक ठरवत. १९५६च्या ऑगस्टमध्ये ग्रॅट्झ यांच्या घरावर बॉम्ब पडला.

ज्युलिएट मॉर्गन यांची गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटते. शहराच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या, चांगल्या घरातल्या गोऱ्या बाई. मनाच्या दुखण्यामुळे त्या गाडी चालवत नसत, म्हणून बसनं जायच्या. गाडीवाल्या गोऱ्यांना जे कधी दिसलं नाही, ते त्यांना रोज दिसलं. चालकानं पैसे घेऊन एखाद्या कृष्णवर्णीय बाईला मागं टाकलं, की त्या दोरी ओढून बस थांबवायच्या. १२ डिसेंबर १९५५ला स्थानिक वर्तमानपत्रात त्यांचं पत्र छापून आलं; त्यात त्यांनी या बहिष्काराची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. मग शिवीगाळ, धमक्या, नोकरीवरून काढण्यासाठी महापौरांचा दबाव. जुलै १९५७मध्ये धमकी म्हणून घरासमोर क्रॉस जाळला गेला. त्यानंतर लगेचच त्यांनी जीवन संपवलं. त्यांच्या मताचे गोरे शहरात आणखीही होते. ते गप्प राहिले. एकट्या पडलेल्या माणसाच्या धैर्याचं कौतुक करणं सोपं असतं. त्याला एकटं पडू न देणं हे काम दहा-वीस सामान्य भित्र्या माणसांनाही जमलं असतं.

बहिष्कार चालवायला धैर्याबरोबर पैसाही लागायचा. सामाईक व्यवस्थेतल्या सुमारे तीनशे गाड्यांना पेट्रोल लागायचं. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी चिकनची ताटं आणि केक विकून त्यासाठी पैसे जमवले. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर ‘कुठूनच नाही’ म्हणायचं, म्हणून त्यांच्या मंडळाचं नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. नावं फुटली असती तर या बायकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. दुसऱ्या एका बायकांच्या मंडळाशी त्यांची चढाओढ असे, सभेत जास्त रक्कम कोण आणतं याची. गिलमोर यांनी बहिष्काराच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेलीच. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना घरीच खाणावळ काढायला मदत केली. ३८१ दिवसांच्या बहिष्कारानंतर, २१ डिसेंबर १९५६ला, कृष्णवर्णीय बसमध्ये पुढं बसले. बसमधला भेद मोडणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा होता, पण तोवर तग धरला तो या पेट्रोलावर.

आपला याच्याशी संबंध फुल्यांपाशी संपत नाही. १९४६च्या कायद्यानं अमेरिकेत वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांना स्थायिक होता येत असे. राष्ट्रवार कोट्याची ती पद्धत १९६५च्या कायद्यानं मोडली. नागरी हक्कांच्या चळवळीनं वर्णावरून माणसं निवडणं लाजिरवाणं ठरवलं नसतं, तर तो कायदा तेव्हा होणं कठीण होतं. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांचा गणपती त्या दारातून आत गेला आहे. आणि तिकडं शिकायला निघालेल्या मुलाला आपल्या घरांतून हमखास सांगितलं जातं, ‘काळ्यांच्या वस्तीत घर घेऊ नकोस, त्यांच्यापासून जपून राहा.’ सांगणाऱ्या मावशी-काका मनानं वाईट नसतात. त्यांनी ती वस्ती पाहिलेली नसते, आणि मुलगाही मग गाडीच्या काचेतूनच पाहतो. तिकडं स्थायिक होण्याचं दार कुणाच्या चालण्यामुळे उघडलं, हे त्याच वेळी सांगायला दोन मिनिटं पुरतात.