वाटेवर पडलेला माणूस आणि कमरेची बंदूक



आज सामान्य काळातील पंधरावा रविवार. दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण आज मिस्सामध्ये पुन्हा एकदा ऐकला. धर्मशिक्षणाच्या वर्गापासून हा दाखला आपल्याला पाठ आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि शेवटी थांबलेला परका शोमरोनी. पुढे काय घडणार हे ठाऊक असल्यामुळे आपण तो शांतपणे ऐकतो आणि शांतपणे घरी जातो.

पण एक प्रश्न मनात आणून पाहू या. शोमरोनी अर्धा तास आधी आला असता तर? लुटारू त्या माणसावर घाव घालत असतानाच तो तेथे पोहोचला असता तर? आणि त्याच्या कमरेला शस्त्र असते तर? तेल आणि द्राक्षारस ओतण्याआधी त्याने काय करायला हवे होते?

हा प्रश्न आम्हाला स्वतःहून सुचलेला नाही. काही दिवसांपूर्वी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक माता भेटायला आली. तिचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. तेथे तो ज्या चर्चमध्ये जातो तेथील काही पुरुषांनी उपासनेच्या वेळी पहारा देण्यासाठी एक गट केला आहे आणि मुलालाही त्यात ये म्हणून सांगितले आहे. बंदूक बाळगायला तेथील कायद्याची आडकाठी नाही. माता म्हणाली, "फादर, तो विचारतो, दुसऱ्याला वाचवायला म्हणून बंदूक घेतली तर पाप का? मी त्याला काय सांगू?" आम्ही तिला म्हटले, "बाई, थोडे दिवस द्या." प्रश्न एका घराचा नाही, म्हणून उत्तर आज सर्वांसमोर देत आहोत.

प्रथम, त्या मुलाची भीती पोकळ नाही. 5 नोव्हेंबर 2017 रोजी टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज या लहानशा गावात रविवारच्या उपासनेच्या वेळी एक बंदूकधारी चर्चमध्ये शिरला. 26 जीव गेले. मातेच्या उदरातील बाळही त्यात मोजलेले आहे. गोळ्यांचा आवाज ऐकून चर्चजवळ राहणारा एक माणूस आपली रायफल घेऊन अनवाणी धावत आला. त्याने मारेकऱ्याला जखमी केले, तेव्हा तो पळाला. 29 डिसेंबर 2019 रोजी त्याच राज्यातील व्हाइट सेटलमेंट येथे प्रभुभोजनाच्या वेळी एकाने बंदूक काढून दोघांना ठार केले. तेथील स्वयंसेवक पहारेकऱ्याने सुमारे सहा सेकंदांत त्याला टिपले. हा पहारेकरी 71 वर्षांचा होता आणि बंदूक चालवण्याचे शिक्षण देणारा होता. मात्र मरण पावलेल्या दोघांपैकी एकजण त्याच पहारा गटातला होता. शस्त्र त्याच्याकडेही होते, पण ते त्याला वाचवू शकले नाही.

आता पवित्र ख्रिस्तसभा काय शिकवते ते पाहू.

'तू खून करू नको' ही आज्ञा सर्वांना आहे. पण हल्ला होत असता जीव राखणे हा खून नव्हे, असे ख्रिस्तसभा शिकवते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात याविषयी स्पष्ट शिकवण आहे. ज्याच्यावर दुसऱ्यांच्या जीविताची जबाबदारी आहे त्याच्यासाठी बचाव हा नुसता हक्क नाही, ते गंभीर कर्तव्यही ठरू शकते. चौथ्या शतकातील संत अंब्रोज यांनी तर असे म्हटले की शक्य असूनही जो सोबत्यावरचा घाव टाळत नाही, तो घाव घालणाऱ्याइतकाच दोषी आहे. उलट त्यांचेच शिष्य संत ऑगस्टिन यांना या बाबतीत मोठा संकोच होता. सैनिकाने किंवा अधिकाऱ्याने कर्तव्य म्हणून शस्त्र उचलणे वेगळे, पण खाजगी माणसाने स्वतःचा जीव राखण्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा हे त्यांना पटत नव्हते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यातून वाट दाखवली. बचाव करणाऱ्याच्या मनात जीव राखण्याचा हेतू असावा, जीव घेण्याचा नसावा. आणि गरजेपुतेच बळ वापरावे, त्याहून अधिक बळ वापरले तर तो अन्याय होतो.

म्हणजे शोमरोनी लवकर पोहोचला असता तर लुटारूंना अडवण्याचा त्याला हक्क होता. दगडामागे लपून सारे संपण्याची वाट पाहणे ही दया नव्हे.

पण बंधुभगिनींनो, हक्क आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही. निर्गम या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मोशे दोनदा दुसऱ्यांच्या मदतीला धावतो. पहिल्या वेळी मिसरी माणूस एका इब्री माणसाला मारीत असलेला तो पाहतो. इकडेतिकडे बघतो, कोणी नाही असे पाहून त्या मिसऱ्याला ठार करतो आणि वाळूत पुरतो. दुसऱ्या दिवशी त्याचेच भाऊबंद त्याला विचारतात की तुला आमच्यावर न्यायाधीश कोणी नेमले? मोशेला देश सोडून पळावे लागते. नंतर मिद्यान देशात एका विहिरीवर मेंढपाळ काही मुलींना हुसकावून लावत असतात. त्या मुली त्याच्या नात्यागोत्याच्या नाहीत, अगदी परक्या आहेत. मोशे उठतो, त्यांची बाजू घेतो आणि त्यांच्या कळपाला पाणी पाजतो. तेथे कोणाचे रक्त सांडत नाही, काही पुरावेही लागत नाही.

दोन्ही वेळा मोशेला अन्यायाची चीड आली होती. मग फरक कोठे पडला? पहिल्या वेळी त्याची नजर मारणाऱ्यावर खिळली होती. दुसऱ्या वेळी ती तहानलेल्या मेंढरांपर्यंत पोहोचली. ज्याला वाचवायचे त्याच्याकडे पाहणारा माणूस कोठे थांबायचे हे जाणतो. ज्याला शिक्षा करायची त्याच्याकडेच पाहणाऱ्याला थांबणे कठीण जाते.

आणि चांगल्या हेतूच्या माणसालाही शस्त्र किती मोठ्या संकटात टाकते, याचे एक दुःखद उदाहरण आहे. 21 जून 2021 रोजी कोलोरॅडो राज्यातील अरवाडा या शहरात एका माणसाने एका पोलिसाला गोळ्या घालून ठार केले. जवळच असलेला एक नागरिक आपले पिस्तूल घेऊन धावला आणि त्याने त्या मारेकऱ्याला टिपले. कितीतरी जीव त्यामुळे वाचले असतील. नंतर त्याने मारेकऱ्याची रायफल उचलून हाती घेतली. तेवढ्यात दुसरा पोलीस तेथे पोहोचला. त्याला दिसला रायफल हाती घेतलेला एक अनोळखी माणूस. पोलिसाने गोळी झाडली आणि वाचवणाराच मरण पावला. त्या पोलिसावर खटला भरण्यात आला नाही. मरण पावलेल्या माणसाला सर्वांनी वीर म्हटले. पण त्याच्या आईला मुलगा परत मिळाला नाही.

हा दोष कोणाच्या दुष्टपणाचा नव्हता. धावपळीत, किंकाळ्यांत, काही क्षणांत कोण मारणारा आणि कोण तारणारा हे बंदुकीकडे पाहून कळत नाही. ते फक्त परमेश्वराला दिसते.

गेथशेमाने बागेतली रात्र आठवा. पेत्राचे आपल्या गुरूवर प्रेम होते. त्याने तलवार उपसली. आणि घाव कोणाला लागला? प्रमुख याजकाच्या दासाला, मल्खाला. तो तर हुकमाचा ताबेदार. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले आणि मल्खाच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. अटक होण्यापूर्वी प्रभूने केलेला हा शेवटचा चमत्कार आपल्याच शिष्याची चूक निस्तरण्यासाठी करावा लागला! प्रभूचा बचाव करायला निघालेल्या पेत्राला जर नेम साधला नाही, तर आपण आपल्या नेमावर किती भरवसा ठेवावा?

आपल्यापैकी फार थोड्यांकडे बंदूक असेल. आपल्या देशात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही, आणि हे बरेच आहे. म्हणून कोणी म्हणेल, "फादर, हा प्रश्न अमेरिकेचा, आमचा नव्हे." तसे म्हणून सुटता येणार नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये अंधेरीच्या आंबोली भागात आपल्याच समाजातील दोन तरुणांनी आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवले. त्यांच्या हातात काही नव्हते. गुंड सुरे घेऊन परत आले. भर वस्तीत, लोकांच्या देखत त्यांच्यावर वार झाले आणि दोघांनीही प्राण गमावले. पाहणारे पाहत राहिले. त्या रात्री उणीव बंदुकीची नव्हती, उणीव पुढे येणाऱ्या पावलांची होती. दहा माणसे ओरडत एकत्र धावली असती तर?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2020 च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रात याच दाखल्यावर चिंतन केले आहे. पाहूनही न पाहिल्यासारखे करून पुढे जाणारे हे लुटारूंचे छुपे साथीदार ठरतात, असे ते सांगतात. हे शब्द आपल्याला झोंबले पाहिजेत.

"पोलिसांची कटकट कोण मागे लावून घेणार?" हे आपले नेहमीचे उत्तर. पण कायदाही आता आपल्याला दूर लोटत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बचावासाठी लागेल तेवढेच बळ वापरावे, आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर ती घ्यावी, ही त्याची मर्यादा. संत थॉमस यांच्या शिकवणीपासून हे फार दूर नाही. अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून 2019 साली मोटार वाहन कायद्यात तरतूद झाली आहे. तुम्हाला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. याजकाची आणि लेव्याची ती जुनी सबब आता उरलेली नाही.

मग त्या मातेने मुलाला काय सांगावे? आम्ही तिला हे सांगणार आहोत. बाई, त्याला लिहा की दुसऱ्याला वाचवण्याची इच्छा देवाकडून आलेली आहे, ती मारू नकोस. पहाऱ्याला उभा राहायचे तर खुशाल राहा. दाराशी उभा राहून येणाऱ्याचे तोंड ओळख, अनोळख्याला नमस्कार कर, लेकरांना मागच्या दाराने बाहेर काढायला शीक, वाहते रक्त कसे दाबून धरायचे ते शीक. हे सारे येत नसताना नुसती बंदूक घेऊ नकोस. आणि घेतलीसच तर पूर्ण शिक्षण घेऊन, तेथील धर्मगुरूंच्या संमतीने, आणि ती कधीच चालवावी न लागो अशी रोज प्रार्थना करून घे. ज्या दिवशी ती चालवण्याची संधी यावी असे तुला मनातून वाटू लागेल, त्या दिवशी ती परत करून ये.

आणि आपण येथे काय करावे? या आठवड्यात प्रत्येक घरात 112 हा मदतीचा आणि 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर लहानमोठ्या सर्वांना पाठ करवा. रेल्वेच्या डब्यात, बाजारात, शेजारच्या घरात कोणी ओरडले तर खिडकी लावून घेऊ नका. एकटे जाऊ नका, चौघांना हाक मारा, पण जा.

शोमरोन्याने त्या जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले. म्हणजे तो स्वतः उतरला आणि त्या धोक्याच्या वाटेने, लुटारू कदाचित जवळपास असताना, पायी चालला. एवढे धैर्य आपल्यापैकी प्रत्येकाला परवान्याशिवाय बाळगता येते.

ते धैर्य प्रभू येशू आपल्याला देवो. आमेन.