हँडल पायथ्याशी असतं

खुब्याचं हाड मोडलेल्या किंवा अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला घरी सोडण्याचा दिवस ठरला, की घरात धावपळ सुरू होते. औषधं, डायपर, बेडपॅन, ब्युरोकडून मावशी मिळेल का याची चौकशी. आणि या सगळ्यांत खाट. ती बहुधा फोनवरच ठरते. सर्जिकलचा दुकानदार तीन-चार प्रकार आणि त्यांचं भाडं सांगतो, कोणीतरी म्हणतं, "मधली घ्या," आणि संध्याकाळी टेम्पो दाराशी उभा राहतो. ज्याला त्या खाटेवर महिनोन्‌महिने राहायचं आहे, त्याला कोणी काही विचारलेलं नसतं. मला हे गैर वाटतं. आजारी माणसाच्या हातात यापुढे काय उरणार, याचा बराचसा निर्णय ही खाट करते.

आपल्याकडे सर्वांत जास्त खपतात त्या फाउलर आणि सेमी-फाउलर खाटा. हे नाव जॉर्ज रायर्सन फाउलर या ब्रुकलिनच्या शल्यविशारदाचं. पोटात पू झालेल्या रुग्णाचं डोकं आणि छाती उंच ठेवली, तर पू खाली ओटीपोटाकडे उतरतो, या विचाराने १९००च्या सुमारास त्यांनी ही स्थिती प्रचारात आणली. सेमी-फाउलर खाटेत फक्त पाठीचा भाग उचलता येतो. फाउलरमध्ये पाठ आणि गुडघे दोन्ही. त्यासाठी हँडल फिरवावं लागतं आणि ते पायथ्याशी असतं. पडलेल्या माणसाचा हात तिथवर कधीच पोहोचत नाही. त्याला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं, कंबर अवघडली, पाणी प्यायला थोडं वर व्हायचं असलं, तरी हाक मारावी लागते. दिवसातून दहा वेळा हाक मारणं माणसाला नकोसं होतं. मग तो हाक मारायचंच टाळतो आणि घरचे समजतात, आता बरा शांत पडून राहतो.

विजेवर चालणाऱ्या खाटेचा रिमोट हातात मावतो. दोन खाटांच्या किमतीतल्या फरकाला आपण ऐषआराम म्हणतो. पण त्या पैशांत आपण दुसऱ्याला न बोलावता उठून बसण्याची मुभा विकत घेत असतो. ज्याची बोटं चालतात आणि बुद्धी शाबूत आहे, त्याच्यासाठी ऐपत असेल तर हा खर्च आधी करावा. बाकीची काटकसर नंतर.

पाठ उचलण्याचंही शास्त्र आहे. नाकातल्या नळीतून अन्न दिलं जात असेल, तर ते श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवायला सांगतात. पण नुसती पाठ उचलली की शरीर खाली घसरतं. कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड पुढे सरकतं, आणि या ओढाताणीत माकडहाडापाशी जखम होते. आधी गुडघे थोडे वर घेतले, तर घसरण थांबते. म्हणून जो बराच वेळ टेकून बसणार, त्याला गुडघ्याकडे न वळणारी खाट स्वस्त असली तरी महागच पडते. एअर बेडचा पंप कप्पे आळीपाळीने फुगवून दाब हलता ठेवतो, तरी ठरावीक वेळाने कुशीवर वळवणं त्याने चुकत नाही. आणि जिथे वीज जाते, तिथे हवा टिकवण्याची सोय आधी विचारून घ्यावी.

खाट एकट्या रुग्णाची नसते, हेही तितकंच खरं. अंग पुसणं, चादर बदलणं, कुशीवर वळवणं ही कामं बहुतेक घरांत बायको, सून, मुलगी किंवा मावशी करते. खाट बुटकी असेल तर तिची कंबर जाते. उंच असेल तर उठू पाहणाऱ्या माणसाचे पाय जमिनीला टेकत नाहीत. उंची कमी-जास्त करता येणारी खाट हा तंटा मिटवते. ती परवडत नसेल, तर एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा : हा माणूस उठण्याची शक्यता आहे का? असेल, तर त्याचे तळवे जमिनीवर टेकतील अशी उंची घ्यावी आणि सेवा करणाऱ्या बाईच्या मदतीला घरातलं आणखी कोणी उभं राहावं.

कठड्यांबद्दल आपण सर्वांत कमी विचार करतो. पडू नये म्हणून दोन्ही बाजू बंद करतो आणि निश्चिंत होतो. पण गोंधळलेला माणूस कठडा ओलांडायला जातो, तेव्हा अधिक उंचीवरून पडतो. कठड्याच्या फटीत डोकं, मान अडकून मृत्यूही झाले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली खाटेतल्या अशा सात धोक्याच्या जागा दाखवून दिल्या आणि डोकं शिरू शकेल अशा मुख्य फटी १२० मिलिमीटरहून कमी असाव्यात, अशी शिफारस केली. भाड्याच्या खाटेवर दुसऱ्याच मापाची गादी टाकली, की नेमक्या अशा फटी तयार होतात. ज्याला उठता येतं, त्याला चारही बाजूंनी अडवणं म्हणजे त्याचं उरलेलं चालणं संपवणं.

जागेची अडचण मी हलकी मानत नाही. साडेसहा बाय तीन फुटांची खाट सुमारे वीस चौरस फूट घेते. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीचा तो आठवा हिस्सा. तरीही कुठल्या भिंतीला तोंड करून ती ठेवायची, हे आपल्या हातात असतं. रुग्णाला अंग न वळवता खिडकीतून आकाश दिसावं, असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शुश्रूषेवरच्या पुस्तकात धरला होता. त्याला एक पैसाही लागत नाही.

स्मृतिभ्रंश झालेला माणूस स्वतः काय निवडणार, असं कोणी म्हणेल. तो सांगू शकणार नाही, पण कुठल्या कुशीवर त्याला झोप लागते, कशाने तो बेचैन होतो, हे पाहणाऱ्याला कळतं; ते पाहणं म्हणजेच त्याला विचारणं. पैसे नसतील तर गावोगावच्या सेवाभावी संस्था अनामत ठेवून खाटा देतात. आजार पालटतो, म्हणून आधी भाड्याने आणावी आणि महिन्याभराने पुन्हा विचार करावा. हँडलचीच खाट असेल, तर उशाशी घंटी हवी आणि ती वाजल्यावर कुरकुर न करता येणारं माणूस हवं.

म्हणून दुकानदाराला फोन करण्याआधी रुग्णाच्या उशाशी बसून तीन गोष्टी विचाराव्यात : तुम्हाला स्वतःचं स्वतः काय करायचं आहे, कशाची भीती वाटते, आणि तोंड कुठल्या बाजूला हवं? उत्तरं अपुरी, कधी परस्परविरोधी येतील. तरी खाट त्या उत्तरांवरून ठरवावी. घरचे दमतात, पैसा संपतो, जागा पुरत नाही, हे सगळं खरं आहे. पण ज्याचं आयुष्य आता त्या वीस चौरस फुटांत मावायचं आहे, त्याचा शब्द तिथे शेवटचा असला पाहिजे.